निबर होऊ नका

बाजारात भेंडी घेताना आई प्रत्येक भेंडीचं टोक अंगठ्याने मोडून बघायची. टक्कन मोडलं तर भेंडी पिशवीत, नुसतं वाकलं तर परत टोपलीत. "निबर आहे," म्हणायची आणि पुढची उचलायची. भाजीवाली कुरकुरायची, पण आईने निबर भेंडी कधी घरी आणली नाही. तीच आई मला मात्र सांगत आली, "जरा निबर हो गं. इतकं मनाला लावून घेतलंस तर कसं निभायचं?"

तिची काळजी खोटी नव्हती. वर्गात दुसऱ्या मुलीला छडी बसली की मला डबा जायचा नाही. आजोबा ओटीवर चढले की त्यांच्या वहाणांच्या आवाजावरून मला कळायचं, आज घरात कसं वागायला हवं. लग्नघरात बँड सुरू झाला की मी माजघरात कणगीमागे जाऊन बसायचे. मग कुणीतरी हुडकून काढून चारचौघांत आणून उभं करायचं: "ही बघा, रडूबाई सापडली." अशी पोर सासरी कशी टिकणार, नोकरीत कशी टिकणार, हा आईच्या जिवाला घोर होता.

शाळेत शिकवण्याची २६ वर्षं पुरी करून मी आज सांगते की आईचा हा सल्ला मला पाळता आला नाही, आणि पाळता आला असता तर माझं नुकसानच झालं असतं. 'फार मनावर घेतेस', 'पोरींसारखा काय रडतोस', 'एवढ्यातेवढ्याने काय होतं तुला' हे ज्यांना घरीदारी ऐकावं लागलं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ज्यांच्या घरात असं एखादं पोर वाढतंय, त्यांच्यासाठीही.

आमच्या कोकणात 'हळवं' हा शब्द भातालाही लावतात. भाताच्या जाती तीन तऱ्हांच्या: हळव्या, निमगरव्या आणि गरव्या. हळवं भात चार महिन्यांच्या आत तयार होतं, गरव्याला पाच महिन्यांच्या आसपास लागतात, निमगरवं मधलं. हळवं लावायचं वरच्या अंगाच्या उथळ खाचरात, जिथे पाणी फार काळ ठरत नाही. खालच्या खोल, पाणथळ खाचरात गरवं. माझे वडील आवण, म्हणजे रोपं, उपटायच्या आधीच सांगून ठेवायचे, कुठली जुडी कुठल्या खाचरात जायची ते. चुकून हळवं खाली गेलं तर पीक तयार झालं तरी खाचरात पाणी उभं असतं, कापणी चिखलात करावी लागते आणि दाणा वाया जातो. त्यात दोष भाताचा, असं कुणी शेतकरी म्हणत नाही. आणि नव्याच्या पौर्णिमेला देवापुढे जो नवा तांदूळ शिजतो, तो हळव्याचाच असतो; गरवं तेव्हा अजून शेतात उभं असतं.

माणसांच्या बाबतीतही संशोधकांना असेच तीन गट आढळले आहेत. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ इलेन अ‍ॅरॉन यांनी १९९०च्या दशकात हळव्या स्वभावाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. त्या स्वतः याच स्वभावाच्या. १९९६ साली त्यांचं या विषयावरचं पुस्तक आलं आणि पुढच्याच वर्षी पती आर्थर अ‍ॅरॉन यांच्याबरोबर लिहिलेला शोधनिबंध. त्यात २७ प्रश्नांची एक चाचणी होती. गोंगाटाचा त्रास होतो का, दुसऱ्याच्या मनःस्थितीचा परिणाम होतो का, एकाच वेळी अनेक कामं अंगावर आली की जीव घाबरा होतो का, कला किंवा संगीत खोलवर भिडतं का, अशा प्रकारचे प्रश्न. अ‍ॅरॉनबाईंचा अंदाज होता की शंभरातली १५ ते २० माणसं अशी असतात. पुढे २०१८ साली मायकेल प्लूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजणी केली तेव्हा साधारण ३१ टक्के माणसं फार संवेदनशील, ४० टक्के मधली आणि २९ टक्के कमी संवेदनशील निघाली. तिकडे त्यांनी या तिघांना ऑर्किड, ट्यूलिप आणि डँडेलियन या फुलांची नावं दिली. मला आपलं हळवं, निमगरवं, गरवं जवळचं वाटतं.

हळवेपणा हा आजार नाही. मानसिक आजारांच्या कुठल्याही अधिकृत यादीत तो नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून असं दिसतं की यातला जवळपास निम्मा वाटा जन्मतःच मिळालेला असतो, उरलेला परिस्थितीचा. लाजाळूपणाशीही त्याची गल्लत करू नये. अ‍ॅरॉनबाईंच्या म्हणण्यानुसार अशा माणसांतली सुमारे ३० टक्के चांगली बोलघेवडी, माणसांत रमणारी असतात. संमेलनाचं सूत्रसंचालन झोकात करतील आणि घरी आल्यावर दिवा न लावता अर्धा तास पडून राहतील.

या सगळ्या संशोधनातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. हळव्या माणसाला वाईट वातावरण इतरांपेक्षा जास्त लागतं, हे तर सगळ्यांना ठाऊक होतं. पण चांगलं वातावरणही त्यालाच जास्त लागतं! इंग्लंडमधल्या एका शाळेत साधारण ११ वर्षांच्या मुलींसाठी नैराश्य टाळायला मदत करणारे तास घेतले गेले. २०१५ साली प्लूस आणि इलोना बोनिवेल यांनी त्याचे निष्कर्ष मांडले. संवेदनशील मुलींमध्ये नैराश्याची लक्षणं स्पष्ट कमी झाली आणि ती सुधारणा वर्षभर टिकली. कमी संवेदनशील मुलींना त्याच तासांचा म्हणण्यासारखा उपयोग झाला नाही. तास तेच. ज्या कातडीला टोचलं जास्त, तिलाच मलम जास्त लागलं. हे वाचलं तेव्हा मला माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली डोळ्यांसमोर आल्या. एका 'छान लिहिलंस' या शब्दावर आठवडाभर फुललेल्या.

आता माझ्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगते, कारण या स्वभावाचं बळ कशात आहे आणि घोटाळा कशात, हे मला त्याने शिकवलं. आठवीचा वर्ग. खिडकीकडच्या रांगेत तिसऱ्या बाकावर बसणारा मुलगा. बाकीचे शिक्षक म्हणायचे, त्याचं लक्ष नसतं, उद्धट आहे, हाक मारली तरी बघत नाही. माझ्या तासाला मात्र तो माझ्याकडे टक लावून बघायचा. मी फळ्याकडे तोंड करून बोलू लागले की त्याची पेन्सिल थांबायची. वर्गाकडे वळले की पुन्हा सुरू. हे माझ्या ध्यानात आलं पहिल्याच आठवड्यात. आणि मी त्याचा अर्थ काय लावला? याला मी आवडत नाही, माझी पाठ वळली की हा काम सोडून देतो. चांगले पंधरा दिवस मी हा सल मनात बाळगला. घरी भात कालवताना त्याचे ते रोखलेले डोळे आठवायचे.

सोळाव्या दिवशी सुचलं म्हणा किंवा सहन होईना म्हणा, मी त्याला मधल्या सुट्टीत बोलावलं आणि तोंडासमोर वही धरून विचारलं, "डबा खाल्लास का?" तो गोंधळला. वही खाली घेऊन तेच विचारलं, तर लगेच म्हणाला, "हो बाई." तो माझे ओठ वाचत होता. दोन्ही कान वर्षभर वाहत होते, घरी कुणाला त्याचं फारसं काही वाटलं नव्हतं. कानाच्या डॉक्टरांकडे उपचार झाले, बाक पुढे आला, आणि मी फळ्यावर लिहून झाल्यावरच बोलायची सवय लावून घेतली. ती सवय निवृत्तीपर्यंत राहिली.

माझ्या नजरेने टिपलं ते शंभर टक्के बरोबर होतं. त्याचा मी लावलेला अर्थ शंभर टक्के चुकीचा होता. हळव्या माणसांनी ही दोन कामं वेगळी ठेवायला शिकावं, असं मी कळकळीने सांगते. टिपणं ही आपली ताकद. नवऱ्याच्या आवाजातला बदल, सहकाऱ्याने आज 'येते' न म्हणता निघून जाणं, आमटीच्या वासातला फरक, हे आपल्याला खरंच कळतं आणि त्याबद्दल स्वतःवर शंका घेऊ नये. कारणाचा अंदाज बांधणं ही मात्र ताकद नाही. तिथे आपण हमखास स्वतःला मध्ये आणून उभं करतो: माझंच काहीतरी चुकलं असणार. म्हणून जे टिपलं ते टिपलं म्हणून सांगावं आणि कारण समोरच्याला विचारावं. "आज तुझा आवाज दमलेला वाटतोय. काही झालं का?" एवढंच. उत्तर येईपर्यंत मनातल्या मनात खटला चालवू नये.

बोलणं लागतं तेव्हाही हीच युक्ती चालते. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे समोरचा माणूस जे बोलला ते, शब्दाला शब्द. उजवीकडे आपल्याला ऐकू आलं ते. माझ्या जुन्या वहीतलं एक पान असं आहे. डावीकडे: "बाई, हजेरीपट आज चारपर्यंत द्या." उजवीकडे: "तुम्ही नेहमीच उशीर करता, तुमच्याच्याने काही होत नाही." हे दोन्ही शेजारी शेजारी बघितलं की उजवीकडचं वाक्य कुणाचं आहे ते कळतं. माझ्या बाबतीत बहुतेक वेळा ते आजोबांचं असायचं. कधीकधी डावीकडचंही खरोखर लागट असतं, टोमणा असतो. मग तो टोमणा होता हे मान्य करावं. सगळंच आपल्या मनाचे खेळ म्हणून सोडून देणं हाही स्वतःवर अन्यायच.

पुढचा मुद्दा दमणुकीचा. हळव्या माणसाचं बिनसतं ते बहुधा एका मोठ्या आघाताने नाही, साचत गेलेल्या लहान गोष्टींनी. सकाळी मिक्सर, मग बसमधला कुणाचा तरी मोठ्याने लावलेला मोबाइल, कार्यालयात दोघांचं भांडण, दुपारी नको असलेली बातमी, आणि संध्याकाळी पोराने दूध सांडलं की आपण ओरडतो. दुधाचं निमित्त होतं. खाचरात पाणी तुंबलं की शेतकरी बांधाला वाट करून देतो, आणि ती बांध फुटायच्या आधी करून देतो. तशी दिवसात ठरलेल्या वेळी वाट हवी, त्रास झाल्यावर नव्हे.

शाळेतून आले की मी मागच्या दाराच्या पायरीवर दहा मिनिटं बसायचे. काही करायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, समोर चिकूचं झाड. आपल्याकडे नोकरीवरून आलेल्या बाईने सरळ ओट्याशी जायचं असतं, त्यामुळे सासूबाईंना ते खटकलं. दोनतीनदा भांडी जरा जोरात आपटली गेली. एका रविवारी मी त्यांच्याजवळ बसून सांगितलं, "आई, मी रुसून नाही बसत. दिवसभर दीडशे पोरांचे आवाज डोक्यात घुमत असतात. दहा मिनिटं गप्प बसले की मग मी तुमच्याशी नीट बोलू शकते." त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पायरीवर झाकण ठेवलेला चहाचा पेला होता. सगळ्यांच्या घरी असं होईलच असं नाही, हे मला ठाऊक आहे. पण न सांगता गप्प बसलो तर लोक त्याला रुसवा म्हणतात, फुगणं म्हणतात. आधी सांगितलं तर निदान ऐकणाऱ्याला कळायची संधी मिळते. जागाच नसेल तर गच्ची, जिना, देवळाचं आवार, स्टेशनातून घरी येताना एक थांबा आधी उतरून चालणं. काही चालेल, रोज हवं.

समारंभांना जाणं टाळत गेलात तर माणसं तुटतात आणि मग तेही लागतं. त्याऐवजी जाण्याची रीत बदला. मंगल कार्यालयात स्पीकरच्या विरुद्ध बाजूची, दाराजवळची खुर्ची धरा. एखादं काम मागून घ्या: पंगतीत वाढणं, आहेराची यादी लिहिणं, म्हाताऱ्या पाहुण्यांची सोय बघणं. हातात एक काम असलं की शंभर गोष्टींवर भिरभिरणारं लक्ष एका जागी बसतं. यजमानांना आधीच सांगून ठेवा, "मी जेवून निघेन." आणि त्या दिवशी संध्याकाळी दुसरं काही ठरवू नका. मिरवणुकीच्या भिंतीएवढ्या स्पीकरांचा त्रास होतो म्हणून स्वतःला दूषण देणंही थांबवा. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावायला देशात नियमानेच बंदी आहे. सणासुदीला सरकार मोजक्या दिवसांची सूट देतं, तीही १२ वाजेपर्यंतची. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादाही २००० सालच्या नियमांत घालून दिलेली आहे. तुमच्या कानांना जे आधी कळतं, ते बाळांच्या आणि आजाऱ्यांच्या कानांनाही सोसत नसतं. तुम्ही तक्रार केलीत तर ती त्यांच्याही वतीने असते.

मोबाइलचं थोडक्यात. आपोआप सुरू होणारे व्हिडिओ सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. अपघाताची, मारहाणीची दृश्यं पुढे पाठवणाऱ्या गटांचा आवाज बंद ठेवा आणि बातम्या शक्यतो वाचून घ्या, बघून नको. झोपण्यापूर्वी तर नकोच नको.

आणि एक वाक्य पाठ करून ठेवा: "विचार करून उद्या सांगते." आपल्यासारख्यांना एखादी गोष्ट चार बाजूंनी फिरवून बघितल्याशिवाय चैन पडत नाही, आणि समोरचा उत्तरासाठी थांबलेला दिसला की भिडेपोटी 'हो' निघून जातं. नंतर आठवडाभर त्या 'हो'चं ओझं. एक रात्र मागून घेतली तर आपला निर्णय सहसा इतरांपेक्षा नीट होतो. वरिष्ठांनाही हे सांगता येतं: "सर, घाईत चूक होईल, सकाळी दहाला देते." वेळ नेमकी सांगितली की मागणं कुणाला जड जात नाही.

कामाचं म्हणाल तर हा स्वभाव कुठे लावायचा, हा खाचर निवडण्याचाच प्रश्न आहे. मिरजेत तंबोरे बनवणारे कारागीर जवारी काढतात ते कुणी पाहिलं असेल तर त्यांना कळेल. घोडीवर तारेखाली एक बारीक दोरा असतो. तो केसभर पुढे-मागे सरकवत सरकवत एका जागी तार एकदम बोलायला लागते. आधीच्या आणि नंतरच्या आवाजातला फरक बहुतेकांच्या कानांना कळणारही नाही. कारागिराला कळतो, म्हणून ते वाद्य गायकाच्या मांडीशी पोहोचतं. मुद्रितं तपासणारा, रात्रपाळीची परिचारिका, बालवाडीताई, कपडा अंगावर कसा बसलाय ते खांद्याच्या चुणीवरून ओळखणारा शिंपी, गुरांचे डॉक्टर, यांच्या कामात हीच नजर पोटाला भाकरी देते. सगळ्यांना मनासारखी नोकरी निवडता येत नाही. पण आहे त्या नोकरीतही सूक्ष्म नजरेचं एखादं काम असतंच, आणि ते आपण होऊन मागावं. आमच्या शाळेत नव्या मुलांना पहिल्या महिन्यात सांभाळून घेणं हे काम मी मागून घेतलं. तोवर ते कुणाचंच नव्हतं.

इथे एक कडू गोष्टही सांगायला हवी. हळवेपणा म्हणजे चांगुलपणा नव्हे. स्वतःला ओरखडा उठला की कळवळणं आणि दुसऱ्याचा ओरखडा दिसणं, या दोन गोष्टी दरवेळी जोडीने येत नाहीत. 'माझं मन फार हळवं आहे' असं म्हणत घरातल्या सगळ्यांना धाकात ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्यासमोर कुणी खरं बोलू शकत नाही, कारण लगेच डोळ्यांत पाणी. आपल्या त्रासाचा भार सतत दुसऱ्यावर पडत असेल तर थांबून बघावं. मला त्रास होतो हे सांगणं माझा हक्क. त्या त्रासाचं नियोजन करणं माझं काम.

दुसऱ्याच्या दुःखाने कळवळणारं मन काय करू शकतं, हे बघायला महाराष्ट्राला लांब जावं लागत नाही. दापोली तालुक्यातल्या पालगडचे पांडुरंग सदाशिव साने अमळनेरच्या शाळेत शिकवत, तिथल्या छात्रालयातल्या मुलांची आईच्या मायेने उठबस करत. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिलं. साने गुरुजींच्या डोळ्यांतल्या पाण्यावर टीका करणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण पंढरपूरच्या विठ्ठलाचं दार अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना बंद आहे, हे इतरांना दिसत होतं आणि सोसतही होतं. गुरुजींना सोसलं नाही. महाराष्ट्रभर दौरा करून त्यांनी लोकांच्या मनाला हात घातला आणि मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसले. दार उघडलं. ज्या मनाला लोक मऊ म्हणत होते, ते तिथे तसूभर हललं नाही.

याच गुरुजींनी जून १९५० मध्ये आपलं आयुष्य स्वतः संपवलं. त्यामागच्या कारणांवर बोलण्याचा मला अधिकार नाही. पण हे वगळून त्यांचं नाव घेणं मला प्रामाणिक वाटत नाही, कारण जगाचं दुःख उरात घेणाऱ्या माणसालाही कुणीतरी विचारायला हवं असतं: तुमचं कसं चाललंय? हळवं असणं हा आजार नसला तरी हळव्या माणसाला आजार होऊ शकतो. दोन आठवडे झोप लागत नाही किंवा उठवत नाही, जेवणावर वासना नाही, एरवी ज्यात जीव रमायचा त्यातही रमत नाही, छातीत धडधड होऊन कामं अडताहेत, जगणं नकोसं वाटतंय, यातलं काही असेल तर त्याला 'माझा स्वभावच असा' म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांकडे जा. सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येतं. जवळच्या माणसात ही लक्षणं दिसली तर त्याच्या शेजारी बसून तुम्ही फोन लावून द्या.

राहिली मुलं. घरात हळवं पोर असेल तर सर्वांत आधी त्याला नावं ठेवणं बंद करा. रडूबाई, चिडका बिब्बा, लाजाळूचं झाड, यातलं काही नको. मुलग्याला 'पुरुषासारखा पुरुष' तर अजिबात नको. चूक झाली तर चारचौघांत न बोलता बाजूला घेऊन, हळू आवाजात सांगा. अशा मुलांना तेवढं पुरतं, बऱ्याचदा ती स्वतःला तुमच्या आधीच रागावून मोकळी झालेली असतात. बदल आधी सांगा: उद्या डॉक्टरांकडे जायचंय, तिथे एक सुई असेल, मी हात धरून बसेन. फसवून नेऊ नका.

पण पदराखालीही ठेवू नका. हार्वर्डचे जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांपासून मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. नव्या गोष्टीने फार बिथरणारी बाळं साधारण पाचात एक निघाली. त्यांच्यातही जी थोडी धीट होत गेली, त्यांचे आईवडील त्यांना भीती वाटेल त्या प्रत्येक गोष्टीपासून वाचवत बसले नव्हते. स्नेहसंमेलनात नाचायला नको वाटत असेल तर घरी राहू दे, असं म्हणू नका. त्याला पडदा ओढायचं काम द्या, असं बाईंना सांगा. पुढच्या वर्षी दोन ओळी बोलेल.

माझी सहा वर्षांची भाची सुट्टीत माझ्याकडे येते. मिक्सरचा आवाज तिला सोसत नाही, कानावर हात घेऊन थरथरायची. आता लावण्याआधी मी हाक मारते, "मिक्सर लावतेय गं!" ती पळत अंगणात जाते, तिथून वीसपर्यंत मोजते आणि आत येते. परवा अशीच आली, ओट्याशी टाचा उंचावून उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या, आज चटणीचा वास वेगळा का येतोय?"

मी भांड्यात बघितलं. लसूण घालायची राहिली होती.